अमेरिकेत विरजण मागायचं कसं

गावात परत आल्यापासून बायका विचारतात, "कतार कसं होतं गं, कमल?" चार जणी एकदम बघायला लागल्या की माझं बोलणंच खुंटतं. मी "चांगलं होतं" एवढंच म्हणते. मग त्या एकमेकींकडे बघतात, हिला विमानात बसवून काय उपयोग झाला म्हणून. तेव्हा लिहून ठेवते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण लिहिताना समोर कोणी नसतं, हे बरं.

गराफा

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. खिडकी मिळाली होती, पण मी डोळे मिटून बसले. सामानाचं मात्र सांगते. लेकीचं पहिलं बाळंतपण करायला निघाले होते. डिंक, आळीव, खारीक, खोबरं, बाळंतशेपा, ओवा, वेखंड असं सगळं बांधून घेतलं होतं. वैशूने फोनवर दहादा बजावलं होतं, "आई, खसखस आणायची नाही. इथे बंदी आहे." खसखशीने कोणाचं काय वाईट होतं, मला कळेना. तरी ऐकलं. दोह्याच्या विमानतळावर एका साहेबाने पिशवी उघडायला लावली आणि वेखंडाचं कांड उचलून उजेडात धरलं. त्याची भाषा येत नव्हती, म्हणून मी दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला. साहेब हसला. "मबरूक," म्हणाला आणि पिशवी स्वतः बांधून दिली. मबरूक म्हणजे अभिनंदन, हे जावयांनी गाडीत सांगितलं.

महेशराव, म्हणजे जावई, गॅसच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. त्यांचं घर गराफा नावाच्या भागात. तिथे सगळी घरं वाळूच्या रंगाची. आमच्याकडे घर म्हटलं की आधी ओटा दिसतो, तिथे आधी भिंत दिसते. एका भिंतीच्या आत बारा घरं, मध्ये पोहायचा हौद, कडेने बोगनवेल आणि धष्टपुष्ट मांजरं. माणूस दिसतच नाही. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं, तरी कोणी बाहेर बसत नाही. मी एकटीच पायरीवर लसूण सोलत बसायची.

तिसऱ्या दिवशी शेजारची बाई आली. उंच, केस पांढरे आणि आखूड, साठीची असून गुडघ्यापर्यंतची विजार. हातात काचेचं भांडं, त्यात केळ्याचा केक.

वैशू म्हणाली, "आई, ह्या कॅरल. अमेरिकेच्या. ह्यांचे मिस्टर डेव्ह इथल्या शाळेत गणित शिकवतात."

ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी दाराआड गेले.

केक संपल्यावर भांडं घासलं. पण शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं? शंकरपाळे भरून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात बिस्किटं घालून ती परत आली. मी चकल्या दिल्या. तिने सफरचंदाचं काहीतरी गोड आणलं. मी कोथिंबिरीच्या वड्या पाठवल्या.

महेशराव म्हणाले, "आई, हे आता थांबवायचं कोणी?"

"ते भांडं दमलं असेल," वैशू हसत म्हणाली. "तिच्याकडे तसा रिवाज नाही, आई. तिला वाटतंय तू पाठवतेस म्हणून तिने पाठवायला हवं."

म्हणजे दोघी एकमेकींना भिऊन रांधत होतो. तरी कोणी थांबलं नाही.

बातम्या बघणारं घर

एकदा भांडं द्यायला गेले तर तिने हाताला धरून आत बसवलं. घरात बूट घालून फिरतात. कुत्रं सोफ्यावर आणि डेव्ह खाली. नवराबायको एकमेकांना पाणी दिलं तरी थँक्यू म्हणतात. मी ह्यांना एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही. घरी फोन केल्यावर म्हणून बघितलं, तर हे म्हणाले, "काय झालं? बरं नाही का तुला?"

बैठकीत मोठा टीव्ही, त्यावर दिवसभर अमेरिकेच्या बातम्या. मला इंग्रजी येत नाही म्हणून मी चेहरेच बघायची. पाच चौकटींत पाच माणसं एकदम बोलतात, खाली अक्षरांची पट्टी पळते, सांगणारा टेबलावर हात आपटतो. कोण कोणाचा दुस्वास करतो हे कळायला भाषा लागत नाही. आमच्याकडेही असंच असतं. फरक जाहिरातींचा. त्यांच्याकडे घटकेघटकेला औषधाची जाहिरात लागते. म्हातारी माणसं सायकली चालवतात, नातवंडांबरोबर पतंग उडवतात. वैशूने सांगितलं, तेव्हा मागून जो गोड आवाज येतो तो या औषधाने काय काय बिघडेल ते वाचून दाखवत असतो. मला हसू आवरेना. आमच्याकडे उमेदवार उभा असताना मागून असं कोणी वाचून दाखवलं तर किती सोय होईल!

एक गोष्ट मात्र कळेना. डेव्ह बैठकीत एक चॅनल बघायचे, आणि कॅरल स्वयंपाकघरात छोट्या फोनवर दुसरंच बघायची. तेही भांडणाचंच, माणसं वेगळी. डेव्ह आत आले की ती फोन पालथा घालायची.

त्यांच्या फ्रिजवर फोटो चिकटवलेला होता. पोट पुढे आलेली हसरी मुलगी. मी फोटोकडे बोट केलं, मग कॅरलकडे. ती म्हणाली, "मेगन." मग तीन बोटं दाखवली. तीन महिने राहिले होते. मला फार आनंद झाला. मी लेकीसाठी समुद्र ओलांडून आले, ही पण जाणार. आम्ही दोघी एकाच कामाच्या.

बारसं

वैशूला कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे दहा वाजलेले आणि महेशराव तासाभराच्या अंतरावर कामावर. मी अनवाणी शेजारी पळाले. कॅरलने पीठ लागलेल्या हातांनीच गाडी काढली. वाटेत ती सिग्नलला थांबायची तेव्हा मागे हात करून वैशूचा गुडघा थोपटायची. दुपारी नात झाली. काळंभोर, भरपूर जावळ. दवाखान्यातल्या काचेपाशी मी आणि कॅरल गळ्यात गळा घालून रडलो. माझ्या सख्ख्या बहिणीच्याही गळ्यात मी अशी पडले नसेन.

बाराव्या दिवशी बारसं केलं. मराठी दोन घरं आणि कॅरल-डेव्ह, एवढेच पाहुणे. पाळणा म्हणायला मी तोंडावर पदर धरून सुरुवात केली, पण पुढे म्हटला. नाव ठेवलं मीरा.

आता माझी चूक सांगते. मी आधीच कॅरलसाठी वेगळे डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. एक डबा, बाळंतशेपांची पुडी, ओव्याची पुडी आणि जुन्या मऊ लुगड्याची दोन दुपटी. ते सगळं तिच्या ओटीत घालावं तसं मी सगळ्यांसमोर तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मेगनकडे जाल तेव्हा न्या. रोज सकाळी एक लाडू द्या."

वैशूने ते इंग्रजीत सांगितलं. डेव्ह खाली बघायला लागले. कॅरलने दुपटी नाकाशी नेली, थँक्यू म्हणाली आणि उठून घरी गेली. तिने आणलेला केक कापायचा राहिलाच.

संध्याकाळी डेव्ह महेशरावांशी बाहेर उभ्याने बोलले. मग वैशूने मला सांगितलं. लेक गेल्या वर्षापासून आईशी बोलत नव्हती. तो फोटोसुद्धा लेकीने नव्हे, तिच्या सासूने पाठवलेला.

"भांडण कशावरून?"

"मतावरून, आई. निवडणुकीवरून. ह्यांनी ज्यांना मत दिलं ते निवडून आले. मेगनने दिलं ते पडले."

"एवढ्यावरून पोटची लेक बाळंतपणाला बोलवत नाही?"

"त्यांच्या एका मोठ्या सणाला सगळे जेवायला बसले होते. मेगनच्या नवऱ्याचे आईवडील मेक्सिकोतून आलेले. जेवताना डेव्ह बोलून गेले की बाहेरच्यांनी आपल्या देशात गर्दी केली. मेगन ताटावरून उठली. म्हणाली, मूल होईल तेव्हा तुम्ही दोघं येऊ नका."

मला तिच्या ताटात राहिलेला तो घास दिसायला लागला. मत पेटीत टाकायची गोष्ट, ती ताटापर्यंत आली कशी?

मागचं दार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला गेले. तिथे न सांगता कोणाकडे जात नाहीत, आधी फोन करतात, हे मला माहीत होतं. पण फोनवर बोलणार काय? मी मागच्या दाराने गेले. कॅरल स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. फोनवर तेच दुसरं चॅनल चालू. समोर माझा डबा उघडा, आणि ती लाडू खात होती. पकडल्यासारखी दचकली.

मी कान धरले. ती हसली आणि तिने वैशूला फोन लावून मध्ये ठेवला. वैशू मीराला पाजता पाजता दोन्हीकडचं सांगत होती.

कॅरल म्हणाली, "मेगन हे चॅनल बघते. ती दिवसभर काय ऐकत असेल ते कळावं म्हणून मी बघते. डेव्हला सांगू नका."

मी विचारलं, "तुमच्या मनात जावयाबद्दल तसं होतं का?"

"नाही, नाही! लुईस सोन्यासारखा मुलगा आहे. आम्ही त्याला धरून बोललोच नव्हतो. बाहेरच्यांबद्दल बोललो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण बाई, इथे तर तुम्ही पण बाहेरच्याच की. मी पण."

वैशूने फोनवर विचारलं, "आई, हे मी सांगू का?"

"सांग आता."

तिने सांगितलं. कॅरलला असं हसू फुटलं की लाडवाचा ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारल्या. हसता हसता ती रडायला लागली.

मग मी तिला अक्काचं सांगितलं. माझी थोरली बहीण आणि मी एकाच गावात दिलेल्या. ग्रामपंचायतीला तिचे मालक एका पॅनलमधून उभे, माझे दीर दुसऱ्या. दोन वर्षं आम्ही बहिणी बोललो नाही. पाणवठ्यावर समोरासमोर आलो तरी घागरीकडे बघायचं. एका संध्याकाळी मी वाटी घेतली आणि तिच्या दारात गेले. म्हटलं, "अक्का, विरजण आहे का गं थोडं?" माझ्या गोठ्यात दुभती म्हैस. तिला माहीत होतं. तिने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "म्हैस आटली काय तुझी?" आणि विरजण घातलं. निवडणुकीचा शब्द तेव्हाही काढला नाही, आजही काढत नाही.

कॅरल म्हणाली, "मी येऊ का असं विचारलं तर ती नाही म्हणेल."

"मग ते विचारूच नका. दुसरं काहीतरी मागा. तुमच्याजवळ असलेलं मागा."

"माझ्याजवळ आहे हे तिला कळेल ना?"

"कळायलाच पाहिजे."

ती टेबलावर बोट फिरवायला लागली. मग म्हणाली, तिच्या आईची एक वही आहे, स्वयंपाकाची. ती मेगनकडे आहे. त्यात मक्याच्या पावाची कृती आहे. तीस वर्षं कॅरल तो पाव करते आहे.

"झोपेत करता येत असेल?"

"झोपेत."

"मग ती मागा."

तिने लिहिलं. माफी नाही, डेव्ह नाही, निवडणूक नाही. फक्त, आजीच्या मक्याच्या पावाची कृती पाठवशील का. पाठवताना तिने माझा हात धरला होता. दोन म्हाताऱ्या त्या फोनकडे अशा बघत होतो, की जणू त्यातून धूर निघणार आहे.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. वहीच्या पानाचा फोटो. शब्द एकही नाही.

"आता?" कॅरलने विचारलं.

"आता विचारा, मीठ किती ते नीट दिसत नाही."

मन्सूरा

दोन दिवस काही आलं नाही. कॅरल भांडं द्यायला यायची, ते रिकामंच असायचं. डिंक संपला होता, म्हणून तिसऱ्या दिवशी ती मला गाडीने मन्सूरात घेऊन गेली. वैशू बरोबर नाही. दोघी एकमेकींची भाषा न कळता अर्धा तास बोलत गेलो. ती बाहेर दाखवून काही सांगायची, मी तिला आमच्या म्हशीचं सांगायची.

मन्सूरा म्हणजे जुन्या इमारती, खाली भारतातली सगळी दुकानं. गराफ्यात माणूस दिसत नाही, तर इथे रस्ताभर माणसं. कढीपत्ता, अळूची पानं, भाकरीचं पीठ. एका हॉटेलातून कांद्याच्या फोडणीचा वास आला आणि मला गावात उभी असल्यासारखं वाटलं. किराणा दुकानवाले दाऊदभाई मंडणगडकडचे. माझं लुगडं बघून त्यांनीच हाक मारली.

"या या मावशी! देशावरच्या काय?"

"फलटणजवळच्या. डिंक आहे का?"

"डिंक, आळीव, सगळा हाय. खसखस सोडून काय पण मागा."

एवढ्यात कॅरलच्या फोनवर टिंग झालं. तिने बघितलं आणि डाळीच्या पोत्यावर बसली. फोन माझ्यापुढे धरला. मला काय कळणार? मी तो दाऊदभाईंपुढे धरला. एरवी अनोळखी पुरुषाशी मी दोन शब्द बोलत नाही.

"दाऊदभाई, वाचा हो. लवकर वाचा."

त्यांनी चष्मा लावला. "म्हणत्येय, आई, तू हा पाव हजार वेळा केलायस. मीठ तुला माहीत हाय."

"म्हैस आटली काय," मी म्हटलं.

"ऑं?"

"काही नाही. पुढे वाचा."

"पुढं म्हणत्येय, आई, माझे पाय खूप सुजलेत. तुझे सुजले होते काय?"

कॅरल पोत्यावर बसल्या बसल्या लिहायला लागली. लिहिते, खोडते, लिहिते. दाऊदभाईंनी तिला पाणी दिलं, मला चहा मागवला. गिऱ्हाईकं आमच्या भोवतीने डाळ घेऊन जात होती. एका केरळी बाईने काय झालं विचारलं, दाऊदभाईंनी तिला हिंदीत सगळं सांगितलं, ती पण थांबली. मेसेज जात होते, येत होते. शेवटी एक आला तो दाऊदभाईंनी मोठ्याने वाचला.

"ये. पण घरात बातम्या लावायच्या न्हाईत. आणि बाबांनी यायच्या आधी लुईसशी बोलायचं. माझ्याशी नको, लुईसशी."

केरळी बाईने टाळ्या वाजवल्या. दाऊदभाई म्हणाले, "यल्ला! चला मावशी, डिंक किती देऊ? आता अमेरिकेचं पण बाळंतपण तुमच्याच गळ्यात पडला!"

डेव्ह

डेव्हनी दोन दिवस लुईसला फोन केला नाही. टीव्ही बंद ठेवून बागेतली मेलेली पानं खुडत होते. कॅरल म्हणाली, "तो बोलला नाही तर मी एकटी जाईन, पण तसं जायला बरं वाटणार नाही." शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी ते आमच्या पायरीवर आले, माझ्या शेजारी बसले आणि लसणाच्या पाकळ्या सोलायला घेतल्या. गणिताचे मास्तर, पण साल काढता येत नव्हतं. मी एक सोलून दाखवली. दहा-बारा पाकळ्या झाल्यावर ते उठले, बोगनवेलीपाशी उभे राहिले आणि तिथून त्यांनी फोन लावला. काय बोलले ते मला कळलं नाही. बराच वेळ नुसतं ऐकत होते. मान खाली होती. शेवटी एकदा मोठ्याने हसले. मग नाक पुसून आत गेले.

त्यांची मतं बदलली का, मला माहीत नाही. बदलली नसावीत. आमच्या अक्काच्या मालकांची कुठे बदलली?

कॅरल निघाली तेव्हा आम्ही नवे लाडू वळले. मी वळायची, ती मोजून डब्यात भरायची आणि मध्येच एक खायची. डेव्ह शाळेला सुट्टी लागली की जाणार होते. दारात तिने मला मिठी मारली. मी पण मारली, इकडेतिकडे न बघता.

गावाला परत

मी आले त्याला महिना झाला. परवा संध्याकाळी मी अंगणात शेंगा फोडत होते तेव्हा वैशूने व्हिडिओवर फोन लावला. पडद्यावर दोन चौकटी. एकीत वैशू, मांडीवर मीरा. दुसरीत कॅरल, मागे खिडकीबाहेर हिरवं झाड आणि सकाळचं ऊन. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला मुलगा, चार दिवसांचा, लालबुंद.

मला एवढा आनंद झाला की मी ओरडलेच. अक्का बांधापलीकडून धावत आली. ती पण ओरडायला लागली, "बाई बाई, किती गोरं! नाक बघ!" कॅरल तिकडून मोठमोठ्याने इंग्रजीत सांगत होती, आम्ही इकडून मराठीत सांगत होतो, वैशू मध्ये "अहो थांबा, एकेकजण" म्हणत होती.

तेवढ्यात कॅरलच्या मागून एका बाईचा आवाज आला. चिडलेला.

"मॉम!"

पुढे आणखी काहीतरी. कॅरलने लगेच जीभ चावली.

"काय म्हणते गं?" मी विचारलं.

वैशू म्हणाली, "मेगन आहे. म्हणते, आई, किती वेळा सांगू, हळू बोल. रात्रभर झोपला नव्हता, आत्ता डोळा लागलाय."

कॅरल खाली मान घालून कुजबुजत बोलायला लागली. चेहरा असा फुललेला, की जणू लेकीने रागावलं नाही, ओवाळलं. मीही आवाज खाली आणला. अक्काने तोंडावर पदर घेतला. मग आम्ही तिघी, दोघी गावच्या अंगणात आणि एक अमेरिकेत, मूल उठू नये म्हणून कितीतरी वेळ हळू बोलत राहिलो.